वाट किती पाहावी?

लेखाचा विषय ऐकून काही मंडळी हसतील. सीमाभागातल्या दिवाळी अंकात मुख्याध्यापकाने लिहायचे ते मातृभाषेतल्या शिक्षणावर, फार तर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेवर. चित्रपटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागासाठी प्रेक्षकाने किती वर्षे वाट पाहावी, हा काय लिहिण्याचा विषय झाला? माझे म्हणणे असे, की आपल्या बालाघाट जिल्ह्यापुरता तरी हा भाषेचाच विषय आहे; आणि तो कसा, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

२० सप्टेंबर २०२४ रोजी ‘नवरा माझा नवसाचा’ या चित्रपटाचा दुसरा भाग प्रदर्शित झाला. पहिला भाग २००४ सालचा. मधे वीस वर्षे. पहिला भाग आला तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. पुढे त्याची सीडी घरी आली आणि गणपतीपुळ्याला निघालेल्या एस.टी.तला अशोक सराफांचा कंडक्टर तिला इतका आवडला, की ओसरीवर खुर्च्या ओळीने मांडून ती रोज संध्याकाळी बस सोडू लागली. गल्लीतली सगळी पोरे त्या बसमध्ये बसत. त्यांत पोवारी बोलणारी होती, निव्वळ हिंदी बोलणारीही होती. पण मराठीतून मागितल्याशिवाय तिकीट मिळणार नाही, असा तिचा दंडक होता. शेजारचा एक मुलगा ‘एक फुल, एक हाफ द्या’ एवढे मराठी त्या ओसरीवर शिकला, ते आजही विसरलेला नाही.

दुसरा भाग आला तेव्हा ती पंचवीस वर्षांची, लग्न होऊन जबलपूरला गेलेली. आम्ही ठरवून नागपूरला भेटलो आणि सगळ्यांनी मिळून चित्रपट पाहिला. या खेपेला बसच्या ऐवजी कोकण रेल्वे होती. अशोक सराफ पडद्यावर आले तसे टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मुलगी जावयाकडे झुकून म्हणाली, ‘‘पहले वाले में ये कंडक्टर थे, इसमें टीसी बने हैं।’’ जावई हिंदीभाषक, तेव्हा त्यांना हिंदीतून सांगणे योग्यच. पण चित्रपट सुटल्यावर माझ्याकडे वळूनही ती म्हणाली, ‘‘बाबा, मज़ा आया न?’’ मी ‘हो’ म्हटले. नट परत आले होते, नवस परत आला होता. मराठीतून तिकिटे फाडणारी ती मुलगी मात्र मधल्या वीस वर्षांत कुठेतरी उतरून गेली होती.

याचा दोष मी चित्रपटाला देत नाही. दोष आधी माझा आहे, आणि त्याविषयी शेवटी बोलणारच आहे. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. एका गोष्टीचे भाग पाडून ती सांगायची असेल, तर दोन भागांत अंतर किती असावे?

या प्रश्नावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ‘चांगल्या गोष्टीला वेळ लागतो, प्रेक्षकाने धीर धरावा, दहा वर्षे लागली तरी हरकत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘लोखंड तापले आहे तोवर घाव घाला, दर वर्षी भाग आणा, जमल्यास वर्षात दोन आणा.’ वरवर पाहता हे पक्ष परस्परविरोधी दिसतात. खरे तर दोघांची चूक एकच आहे. दोघेही अंतर मोजतात ते निर्मात्याच्या सोयीने. पहिला त्याची प्रतिभा मोजतो, दुसरा त्याचा गल्ला. प्रेक्षकाच्या घरात त्या मधल्या काळात काय घडते, हे कोणीच विचारत नाही. माझ्या मते मोजायचे ते तेवढेच आहे.

दोन भागांमधला काळ हा रिकामा काळ नसतो. त्या काळात गोष्ट घरोघर पुन्हा सांगितली जाते. ज्याने पाहिली तो न पाहिलेल्याला सांगतो, आजी नातवाला विचारते, पोरे नक्कल करतात, पुढे काय होईल यावर पैजा लागतात. चित्रपट अडीच तास चालतो. त्याचे सांगणे वर्ष-दोन वर्षे चालते. पुण्यामुंबईला या सांगण्याची फारशी किंमत नसेल, कारण तिथे मराठी कानावर पडायला आणखी शंभर निमित्ते आहेत. आपल्याकडे शाळा हिंदीत, कचेरी हिंदीत, बाजार हिंदीत आणि मुलांचे खेळही हिंदीत. घरात मराठी बोलायला निमित्त लागते, आणि गोष्टीइतके चांगले निमित्त दुसरे नाही. म्हणून मी म्हणतो, की दोन भागांतले अंतर एवढे असावे की गोष्ट सांगून व्हावी, पण विसरून जाऊ नये. मला आकडा विचाराल तर सांगतो: कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त तीन.

हा आकडा हवेतला नाही. एक वर्षाचा हिशेब आपल्याला धानाने शिकवला आहे. हलके धान लवकर हाती येते, भारी धानाला वेळ लागतो. ज्या चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले तो आपल्या जिल्ह्याचा तांदूळही घाईचा नव्हे. पण भारी धानालासुद्धा कापणीची वेळ असते. आधी कापले तर दाणा भरत नाही आणि उशीर केला तर दाणे बांधीतच गळतात. ‘जितका उशीर तितके पीक चांगले’ असे म्हणणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

पलीकडे झाडीपट्टीत पाहा. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत दिवाळीनंतर धान घरात आले, की मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्ररात्र नाटके होतात. वडशाच्या नाटक मंडळ्यांचा सगळा हंगाम याच दिवसांतला. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या अनेकांना झाडीपट्टी हे नावच प्रथम कळले. तिथला प्रेक्षक वर्षभर वाट पाहतो आणि त्याची कधी तक्रार नसते. कारण नाटक येणार, हंगामात येणार आणि चालत जाता येईल अशा अंतरावर येणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. गेल्या वर्षीच्या नाटकावर तो रोवणीच्या चिखलातही बोलत असतो.

तीन वर्षांचा हिशेब मला शाळेने शिकवला. सहावीत आलेले मूल आठवी संपवून पुढे जाते, त्याला तीन वर्षे लागतात. सहावीत येताना जी मुले मला मराठीतून ‘सर, बाहेर जाऊ का?’ असे विचारतात, त्यांतली बरीच आठवीपर्यंत मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देऊ लागलेली असतात. शब्द समजतात, जिभेवर येत नाहीत. हे मी तीसेक वर्षे डोळ्यांनी पाहत आलो आहे. तेव्हा एखाद्या मराठी गोष्टीचा पहिला भाग त्याने सहावीत पाहिला असेल, तर दुसरा आठवीपर्यंत यायला हवा. त्यानंतर आला तर त्याला आपल्या मुलाचा पाहुणा म्हणायचे. घरचा माणूस म्हणता येणार नाही.

आता उदाहरणे घेऊ, म्हणजे कोणावर अन्याय व्हायला नको.

आधी घाईचे. दिग्पाल लांजेकर यांनी शिवचरित्रावर आठ चित्रपटांचे ‘शिवराज अष्टक’ करायचे ठरवले, हा संकल्प मोठा आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ‘फर्जंद’ जून २०१८ मध्ये आला, ‘फत्तेशिकस्त’ नोव्हेंबर २०१९ मध्ये. मधे जवळजवळ दीड वर्ष. हे अंतर मला उत्तम वाटते. कोंडाजी फर्जंदाने मोजक्या माणसांनिशी पन्हाळा कसा घेतला, हे आमच्याकडे मुलांनी वर्षभर खेळून दाखवले. मग साथीचा काळ आला, चित्रपटगृहे बंद पडली, आणि त्यात कोणाचाच इलाज नव्हता. पण ती उघडल्यावर काय झाले? १८ फेब्रुवारी २०२२ ला ‘पावनखिंड’ आणि २२ एप्रिल २०२२ ला ‘शेर शिवराज’! अवघ्या नऊ आठवड्यांत दोन. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा आणि बाजीप्रभूंचे बलिदान १३ जुलै १६६० चे. प्रत्यक्ष इतिहासाने या दोन घटनांमध्ये आठ महिने जाऊ दिले; पडद्याने जेमतेम नऊ आठवडे जाऊ दिले, आणि क्रमही उलटा लावला. बाजीप्रभूंचे नाव मुलांच्या तोंडी बसते न बसते तोच प्रतापगडाची फलके लागली. पुढचा ‘सुभेदार’ ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे सोळा महिन्यांनी आला, तेव्हा घडी पुन्हा बसली.

थांबलेले चित्रपट एकदम बाहेर काढावे लागले, अडकलेला पैसा मोकळा करायचा होता, हे मला समजते. पण आपल्या बाजूनेही हिशेब मांडून पाहा. बालाघाटच्या माणसाला मराठी चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचा तर बहुधा गोंदिया गाठावे लागते, नाहीतर नागपूर. गोंदिया चाळीसेक किलोमीटर. चार माणसांचे जाणे-येणे, तिकिटे, खाणे आणि एक दिवसाची मजुरी किंवा रजा, एवढा खर्च नऊ आठवड्यांत दोनदा करणारी घरे आपल्याकडे किती? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी दोहोंपैकी एकच पाहिला. ज्या मालिकेचा एखादा भाग सुटला, तिचे पुढचे भागही मग ‘पाहू कधीतरी फोनवर’ या खात्यात जातात.

आता उशिराचे. ‘झपाटलेला’ १९९३ चा. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्याने, त्या तात्या विंचूने, तेव्हाच्या पोरांची झोप उडवली होती. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. वर्गात फळ्याकडे तोंड केले, की मागून कोणीतरी तात्या विंचूचा मंत्र पुटपुटे आणि मला हसू आवरावे लागे. त्याचा दुसरा भाग आला जून २०१३ मध्ये, वीस वर्षांनी. १६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले. म्हणजे दुसरा भाग येण्याआधी तब्बल साडेआठ वर्षे त्याचा लक्ष्याच उरला नव्हता. त्याच्या मुलाची गोष्ट सांगावी लागली. ‘चांगल्या गोष्टीला वेळ लागतो’ असे म्हणणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे, की वेळ हा काय फक्त गोष्टीलाच लागतो? माणसांनाही तो लागू असतो. पडद्यावरच्या आणि पडद्यासमोरच्याही. १९९३ साली ज्या आज्या नातवंडांना जवळ घेऊन तो बाहुला पाहत होत्या, त्यांपैकी किती जणी २०१३ साली होत्या?

‘दे धक्का’ २००८ चा, दुसरा भाग २०२२ चा, चौदा वर्षे. ‘टाईमपास’चा दुसरा भाग पहिल्यानंतर सोळा महिन्यांत आला आणि तिसऱ्याला मग सात वर्षे लागली. २०१४ साली दगडू आणि प्राजूची नक्कल करणारी आमच्याकडची मुले २०२२ पर्यंत नोकरीच्या शोधात भोपाळ, इंदूर, हैदराबाद गाठून बसली होती. तिसऱ्या भागाच्या वेळी घरात त्यावर बोलायला कोणी नव्हतेच.

यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे: ‘गुणवत्तेचे काय? घाईने वाईट करण्यापेक्षा उशिरा चांगले केलेले बरे.’ बरे, मान्य. पण मधली वीस वर्षे त्या दुसऱ्या भागाच्या घडणीत गेली, असे कोणी समजू नये. महेश कोठारे यांनी त्याच काळात ‘पछाडलेला’, ‘खबरदार’, ‘जबरदस्त’ हे चित्रपट केले. सचिन पिळगांवकर यांनी ‘आम्ही सातपुते’, ‘एकुलती एक’ केले. करावेतच, त्यांचा तो अधिकार आहे. मग ‘वेळ लागला’ असे म्हणू नये, ‘वेळ दुसरीकडे दिला’ असे म्हणावे. खरोखर वेळ किती लागतो ते पाहायचे तर सत्यजित रायांकडे पाहावे. ‘पथेर पांचाली’ १९५५, ‘अपराजितो’ १९५६, ‘अपूर संसार’ १९५९. अपूची सारी गोष्ट चार वर्षांत पूर्ण, आणि मधल्या ‘अपराजितो’ला १९५७ साली व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. साधनांची अडचण रायांना जेवढी होती, तेवढी आज कोणाला असेल असे वाटत नाही.

दुसरा आक्षेप परदेशातला. ‘अवतार’चा दुसरा भाग पहिल्यानंतर तेरा वर्षांनी, २०२२ साली आला, तरी जगभर लोक लोटले, मग मराठी प्रेक्षकालाच एवढी घाई का? याचे उत्तर सरळ आहे. तेरा वर्षांत इंग्रजी समजणारी माणसे जगात वाढतात, कमी होत नाहीत. त्या चित्रपटाला उद्याचा प्रेक्षक जग फुकट तयार करून देते. बालाघाट, छिंदवाडा, बैतूलच्या मराठीला तशी सवलत नाही. शिवाय तिकडेही ज्या मालिकेने मुलांची एक अख्खी पिढी बांधून ठेवली, त्या हॅरी पॉटरचे आठ चित्रपट २००१ ते २०११ या दहा वर्षांत पुरे झाले. पहिला भाग पाहणारे दहा वर्षांचे मूल शेवटच्या भागाला वीस वर्षांचे होते; वाढत होते, पण हातातून सुटले नव्हते.

आपल्या देशातले उदाहरण तर ताजे आहे. ‘बाहुबली’चा पहिला भाग जुलै २०१५ मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१७ मध्ये. पावणेदोन वर्षे सारा देश एकच प्रश्न विचारीत होता, की कटप्पाने बाहुबलीला का मारले? आमच्या शाळेच्या व्हरांड्यात त्यावर रोज वाद चाले. एकदा तर दहावीच्या दोन मुलांची त्यावरून हातघाई झाली आणि मला मधे पडावे लागले. मला ती मारामारी आवडली, हे कबूल करतो. पण वाद चालला होता हिंदीत, कारण मूळचा तेलुगू चित्रपट आमच्याकडे पोचला तो हिंदीतून. पावणेदोन वर्षांच्या त्या उत्कंठेचे सगळे व्याज हिंदीच्या खात्यात जमा झाले. असा एखादा प्रश्न मराठीत दोन वर्षे लोंबकळत राहिला असता, तर माझ्या व्हरांड्यात मराठीत भांडण झाले असते! आमच्या भाषेला असे एक चांगले भांडण हवे आहे.

तिसरा आक्षेप तरुणांचा. ‘सर, आता सगळे मोबाइलवर मिळते. जुना भाग पाहून घ्यायचा आणि मग नवा पाहायचा, विसरण्याचा प्रश्नच कुठे येतो?’ मुलांनो, मोबाइलमध्ये चित्रपट साठून राहतो. त्यावरचे बोलणे साठत नाही. कानात बोंडे घालून एकेकट्याने पाहिलेली गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही. ओसरीवर खुर्च्या मांडायला चार पोरे लागतात.

माझ्या नियमाला अपवाद आहेत, तेही सांगतो. ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे तीन भाग २०१०, २०१५ आणि २०१८ साली आले. पहिले अंतर पाच वर्षांचे, म्हणजे माझ्या मर्यादेबाहेरचे. तरी गोष्ट तुटली नाही. कारण ती एका जोडप्याच्या वयाबरोबर चालणारी होती. आधी भेट, मग लग्न, मग मूल. पाहणाराही तेवढाच वयाने पुढे गेलेला होता. पण ती मोठ्या माणसांची गोष्ट आहे, आणि मोठ्यांची भाषा पाच वर्षांत जात नाही. मी बोलतो आहे ते मुलांविषयी.

मुलांसाठी मात्र आमच्या पदरात काय पडले? भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेवर वीसेक पुस्तके लिहिली. त्या पोराला एका पुस्तकातून दुसऱ्यात उडी मारायला कधी वीस वर्षे लागली नाहीत. २०१७ साली तो मोठ्या पडद्यावर आला, आम्हाला आनंद झाला आणि आम्ही पुढच्या भागाची वाट पाहू लागलो. तेव्हा सहावीत असलेली माझी मुले आज मतदान करतात. त्याहीआधीचे पाहायचे तर हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः दिली. मराठी कादंबरीच्या वाचकाला आठवडाभर वाट पाहण्याची गोडी लागली ती तेव्हाची. वाट पाहायला लावणे ही कला आहे आणि ती आपल्याला परकी नाही. वाचकाला कुठवर ताणायचे हे हरिभाऊंना कळत होते. ती जाण आपण गमावली आहे, आणि गमावूनही तिला ‘प्रतिभेचा वेळ’ असे भारदस्त नाव दिले आहे.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिली, पुढचा भाग करणार असाल तर तीन वर्षांच्या आत करा. पहिला चालतो की नाही हे पाहिल्याशिवाय दुसऱ्यात पैसा घालता येत नाही, हे खरे. पण ते कळायला तीन आठवडे पुरतात, तीन वर्षे तर खूपच झाली. दुसरी, एका वर्षात दोन भाग आणू नका. आमच्या खिशाचा नाही तर आमच्या आज्यांच्या सांगण्याचा तरी विचार करा. तिसरी, करणार नसाल तर शेवटी दार किलकिले ठेवून आम्हाला उंबऱ्यावर बसवू नका. गोष्ट तिथेच संपवा; संपलेली गोष्टही आम्ही सांगू. आणि चौथी, नवा भाग येण्याआधी जुना भाग एकदा सीमेवरच्या गावांत दाखवा. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी या गावांत गणेशोत्सवाचे मंडप आहेत, पांढरा पडदा आहे, बसायला सतरंज्या आहेत. लागते ती फक्त परवानगी आणि एक रात्र.

आता राहिले ते स्वतःचे. निर्मात्याला जाब विचारण्यापूर्वी आपण आरशात पाहिले पाहिजे. १९५६ साली मराठी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, तेव्हा आपल्यावर कोणी मराठी न बोलण्याची सक्ती केली नव्हती. ओसरीवरची ती बस मी बंद पाडली. मुलगी पाचवीत गेली, स्पर्धापरीक्षांचे वारे सुरू झाले, आणि ‘घरातही हिंदीच बोलू, म्हणजे तिची सफाई होईल’ असे मीच एके दिवशी जाहीर केले. मराठीत एम. ए. केलेल्या माणसाने! तिची आई नको म्हणत होती. वीस वर्षांनी दुसरा भाग आला तेव्हा मला कोणाच्या नावाने खडे फोडण्याचा अधिकार होता? दुसरा भाग २००६ साली आला असता, तर मी तिची बस बंद पाडायला धजलो नसतो, इतकेच मी खात्रीने म्हणू शकतो. वाट पाहण्याचा काळ सत्कारणी लावणे हे आपले काम. तो काळ बेताचा ठेवणे हे त्यांचे. दोघांनीही आपापले काम टाकले.

या दिवाळीत मुलगी माहेरी येणार आहे. बरोबर दोन वर्षांची नात. मी २००४ चा तो पहिला भाग मिळवून ठेवला आहे आणि माळ्यावरच्या चार खुर्च्या खाली काढून पुसल्या आहेत. तिकिटे मीच फाडीन. मागायची मात्र मराठीतून, असे जावयांनाही फोनवर कळवले आहे. ते म्हणाले, ‘‘एक फुल, एक हाफ।’’ मी म्हटले, ‘‘पुढे ‘द्या’ म्हणा.’’